पत्ता नसलेलं भेटकार्ड

(पाचूबंदर इथे हस्तनिर्मित भेटकार्डं आणि भेटवस्तूंच्या वेष्टनांच्या प्रदर्शनानिमित्त, नाताळच्या तोंडावर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? पंखा जरा हळू करा कुणीतरी, टेबलावरची कार्डं उडतायत. हां. आता ठीक.

मला इथं बोलावलं ते खरं म्हणजे नंबर काढायला. संयोजक म्हणाले, आधी चार शब्द बोला, मग नंबर जाहीर करू. नंबर काढलेत, या पाकिटात आहेत. पण ते काढताना माझा माझ्याशीच वाद झाला आणि तो वाद तुमच्यापुढे मांडल्याशिवाय पाकीट उघडणं मला बरं वाटेना. तेव्हा आजचं बोलणं म्हणजे परीक्षकाची कैफियत समजा.

सकाळी हातात गुणांचा तक्ता दिला गेला. सुबकता, रंगसंगती, कल्पकता, स्वच्छता. प्रत्येकी दहा गुण. हा तक्ता मला चांगला ओळखीचा आहे, कारण मी स्वतः तीसेक वर्षं चित्रकला शिकवताना अगदी असेच तक्ते बनवले. त्यात एक रकाना कधीच नसतो. हे कार्ड कुणासाठी आहे? म्हणजे सुबक आहे, स्वच्छ आहे, पण जाणार कुठं? कागदाची घडी घालून वर फूल चिकटवलं की भेटकार्ड झालं असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की पत्ता असल्याशिवाय ते भेटकार्ड होत नाही. नुसती कागदकाम केलेली घडी राहते, फार तर सुंदर घडी.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. चुकून कळलं. खूप वर्षांपूर्वी एका शाळेत आंतरवर्गीय स्पर्धा होती, मी परीक्षक. एका मुलीचं कार्ड आलं, त्यावर डिंकाचे गोळेच्या गोळे. कापडी दोरा वेडावाकडा चिकटवलेला, मधे मधे तांदूळ. रंग तर जवळपास नाहीच. मी स्वच्छतेला दहापैकी दोन दिले आणि शेऱ्यात लिहिलं, डिंक जपून वापरावा. संध्याकाळी ती मुलगी कार्ड परत न्यायला आली, तेव्हा सहज विचारलं, हे काय गो काढलंस? ती म्हणाली, बाई, आजीचं नाव आहे. आजीला दिसत नाही. हात फिरवून वाचते ती.

मग मी डोळे मिटून बोट फिरवलं. खरंच, अक्षरं लागत होती. तांदूळ होते तिथं काना, दोरा होता तिथं वेलांटी. म्हणजे त्या कार्डात एकही गोष्ट चुकून झालेली नव्हती. चुकली होती ती तपासणारी. तिला नंबर द्यायची वेळ तर गेली होतीच. त्या दिवसापासून गुणांचा तक्ता हातात आला की मला जरा धाकधूक वाटते.

आता आजच्या टेबलाकडे येऊ. सगळ्यांवर बोलत नाही, तीन-चार घेते. कुणाचं कोणतं ते मला ठाऊक नाही, नावं झाकलेली आहेत, त्यामुळे कुणी मनाला लावून घेऊ नका. किंवा घ्या, हरकत नाही. (हशा)

पहिलं हे क्विलिंगचं. कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेले गुलाब. हात अतिशय तयार आहे. प्रत्येक पाकळीचा ताण सारखा, कुठं डिंक दिसत नाही, पानांच्या हिरव्यात दोन छटा आहेत. वर सोनेरी अक्षरांत हॅपी बर्थडे. चाळीसपैकी अडतीस गुण पडतील असं काम आहे आणि मी तेवढे दिलेही. पण हे कार्ड मी पाचूबंदरला पाहिलं, असंच दादरला पाहिलंय, असंच मोबाईलवर कुठल्या तरी दूरदेशच्या बाईंच्या व्हिडिओत पाहिलंय. गुलाबही तेच, त्यांचा कोनही तोच. ज्याचा वाढदिवस आहे त्याच्याबद्दल या कार्डाला काहीच माहीत नाही. बनवणारीबद्दल मात्र बरंच सांगतं ते. तिची चिकाटी, तिची नजर. एका अर्थी हे तिचं प्रगतिपुस्तक आहे, आणि ते ती दुसऱ्याला वाढदिवसाला देते आहे.

कठोर वाटेल, पण ही सवय आपल्याकडे जुनी आहे. रुखवत आठवा. लग्नात मांडलेलं रुखवत, सुपारीची बाहुली, साखरेचं तुळशीवृंदावन, विणलेले रुमाल, पुढे पुढे थर्माकोलचा शनिवारवाडा. कारागिरी काय एकेकीची! पण ते मांडलं जायचं कुणासाठी? सासरच्या मंडळींनी बघावं म्हणून. मुलीच्या हातात कसब आहे, घरच्या बायकांनी तिला शिकवलंय, हे सिद्ध करायला. देणं कमी, परीक्षा जास्त. हाताने केलेल्या वस्तूला आपल्याकडे दोन मुळं आहेत, एक मायेचं आणि एक परीक्षेचं. टेबलावरच्या कार्डांकडे बघताना मला सारखं विचारावं लागतं, हे कुठल्या मुळातून आलंय? म्हणूनच ‘हाताने केलंय ना, मग त्यात प्रेम आलंच’ हे वाक्य मला पटत नाही. हाताने केलेल्या वस्तूत हात असतो. प्रेम असेल किंवा नसेल.

गंमत अशी की छापील नाताळकार्डाचा जन्मच मुळी हाताने लिहायला वेळ नाही म्हणून झाला. 1843 साल, लंडन. हेन्री कोल नावाचे गृहस्थ, फार उद्योगी, पुढे तिथल्या मोठ्या संग्रहालयाचे पहिले संचालक झाले. नाताळात ढिगाने पत्रं येत, उत्तरं द्यायला सवड नसे. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजारभर प्रती छापल्या आणि उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकायला काढल्या. त्या काळात शिलिंग म्हणजे गरिबाला न परवडणारी रक्कम. चित्रात एक कुटुंब जेवणाच्या टेबलाशी बसून पेले उंचावतंय आणि एका लहान मुलीच्या तोंडाला वाईनचा पेला लावलाय. त्यावरून दारूबंदीवाल्यांनी ओरडाही केला. मला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. ती कार्डं दगडावरून छापलेली, पण रंग हाताने भरलेले होते. म्हणजे अक्षरशः हस्तनिर्मित. रंग भरणाऱ्या हातांना मात्र ते कुणाकडे जाणार याचा पत्ता नव्हता. त्या कार्डात एकच जागा कोरी ठेवली होती, वर ‘टू’ आणि खाली ‘फ्रॉम’. सगळ्या कार्डात खरी भेट म्हणावी अशी तेवढीच बोटभर जागा.

आपल्याकडे पाहा. संक्रांतीला तिळगुळाची छोटी कार्डं पाठवायचे, इथं बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असतील. आगपेटीएवढी, कडेला सोनेरी रेघ, आत हलव्याचे चार दाणे. लांबच्या मावशीला, मुंबईच्या काकांना. दाणे पोचेपर्यंत पाकिटात पीठ झालेले असायचे, ती गोष्ट वेगळी. ही शुभेच्छापत्रं बरेच लोक उघड्या पाकिटातून बुकपोस्टाने धाडत, कारण तिकीट कमी लागे. पण बुकपोस्टाची अट अशी की आत खासगी मजकूर नको. चार ओळी ख्यालीखुशालीच्या लिहिल्या की ते पत्र झालं आणि पत्राचा दर लागू. म्हणजे पाहा, शब्द लिहाल तर महाग, न लिहाल तर स्वस्त! आमच्या घरी आई अट मोडायची. कार्डाच्या मागे पेन्सिलीने, अगदी बारीक, ‘गुडघा कसा आहे?’ एवढंच. मावशीला छापील सुवासिनी आठवत नसेल, पण तो गुडघा तिने नक्की वाचला असेल.

मग आहेराचं पाकीट घ्या. त्यावर आपण काय लिहितो? देणाऱ्याचं नाव. एकशे एक रुपये, वरचा एक रुपया वेगळा चिकटवलेला, आणि खाली ठळक अक्षरात अमुक कुटुंबाकडून. घेणाऱ्याचं नाव लिहायची गरजच वाटत नाही, कारण ते पाकीट खरं तर आहेराच्या वहीकडे निघालेलं असतं.

बरं, आता हे तिसरं कार्ड. हे मी तुमच्यासमोर उचलते, जरा नीट बघा. निळा जाड कागद, साध्या दुकानातला. मधोमध लाटेसारखी चीर कापलेली आहे आणि त्या चिरेत एक होडी अडकवली आहे. होडी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची, आतली बाजू बघितली तर पाढे छापलेत. बाजूने एक पट्टी बाहेर आली आहे, ती ओढली की होडी समुद्रातून बंदराकडे सरकते. सरकायला हवी. मी ओढते... बघा, अर्ध्यावर अडकली. त्याबद्दल नंतर बोलू. होडीला दोरी म्हणून जाळं शिवायचा नायलॉनचा धागा लावलाय, खराखुरा, घरातला. आणि उघडलं की आत काय? फूल नाही, केक नाही. तिथींचं कोष्टक आहे. अष्टमी, नवमी, दशमी अशा तिथी, त्यांच्यापुढे भांग, आणि पौर्णिमेपुढे उधाण. खाली एकच वाक्य: पप्पा, वाढदिवस भांगात करूया.

इथं बसलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पण ही व्याख्यानं ऐकणारे, वाचणारे बाहेरचेही आहेत, म्हणून सांगते. इथल्या डोलीच्या जाळ्याला पाण्याची ओढ लागते. खांबाला नाहीतर नांगराला बांधलेली ती पिशवी, प्रवाह जोरात असेल तेव्हाच मासळी तिच्यात शिरते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, तेव्हा जोर. अष्टमीनंतर भांगाची भरती, पाणी मंद, तेव्हा होड्या बऱ्याचदा बंदरात. पप्पांचा वाढदिवस आहे इंग्रजी तारखेला. समुद्र चालतो तिथीने. पोराने दोन्ही पंचांगं समोर ठेवली असणार, त्याला दिसलं असणार की या वर्षी तारीख उधाणात येते, आणि त्याने वाढदिवसच हलवला. मला कल्पकतेच्या रकान्यात दहाच गुण देता येतात, काय करू?

हे कार्ड जगात दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. विरारला राहणाऱ्या, बँकेत कामाला जाणाऱ्या बापाला दिलं तर त्याला कळणारसुद्धा नाही. पत्ता म्हणते तो हा. पाकिटावरचा पत्ता पोस्टमनसाठी असतो, हा आतला.

आता दोष. कारण कौतुक करून दोष गिळायचे, हेही परीक्षकाचं पाप आहे. एक, चमकी. समुद्रभर चमकी शिंपडली आहे, कुणीतरी ताई म्हणाली असेल, जरा सजव रे. ती चमकी चिरेत गेली आणि पट्टी अडकली. दोन, कागदाची धार. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेला झोपलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सुरीसारखी सरळ पडते, आडवी घातली तर कडा फुटते, भुरभुरते. या कार्डाची मधली घडी आडवी आहे, म्हणून ती पांढरी पडली आहे आणि कार्ड नीट मिटत नाही. ओळखायचं कसं? कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, ज्या बाजूने कमी विरोध करेल ती धार. सरकणारी पट्टी मात्र धारेच्या लांबीतच कापायची, नाहीतर ती मऊ पडते. त्यात आपल्याकडची खारी, दमट हवा. कागद पाणी पितो, फुगतो. फेविकॉल पातळ न करता थापला तर घडीला पोक येतो. हे सगळं शिकण्यासारखं आहे, आणि शिकवलं पाहिजे. आतला पत्ता असला म्हणून बाहेरची पट्टी अडकायला नको. पप्पांनी ओढली आणि होडी मधेच थांबली, तर? बंदरात पोचलीच पाहिजे ना ती.

हातकागद वापराल तर ही धारेची कटकट बरीच कमी होते, कारण साचा हाताने हलवून उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात. आपल्या राज्यात ही परंपरा मोठी आहे. जुन्नरचा कागद पेशवाईत नावाजलेला होता, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचं गावच आहे, आणि पुण्यात 1940 साली हातकागदाची संस्था सुरू झाली ती आजही सुती कापडाच्या कातरणीपासून कागद करते. महाग पडतो, मान्य. पण शंभर कार्डांना न वापरता पाच कार्डांना वापरा.

वेष्टनांकडे वळते, तो विषय इथं जास्त जिव्हाळ्याचा आहे, आणि वादाचाही.

पलीकडच्या टेबलावर अकरा खोके आहेत. त्यातले नऊ चकचकीत कागदात आहेत. जरा एक गंमत करू. हा एक तुकडा घेते, मुठीत चुरगाळते, सोडते. बघा, परत उलगडला. म्हणजे हा कागद नव्हे, वर धातूचा पातळ मुलामा दिलेलं प्लास्टिक. हा दुसरा चुरगाळते. राहिला तसाच चुरगळून. हा कागद. नऊपैकी सात उलगडले. कागदाच्या नावाखाली आपण प्लास्टिकच बांधतोय, आणि वर सुरळ्या केलेली रिबन, तीही प्लास्टिकची.

ही सवय कुठून आली? 1917 सालच्या नाताळात अमेरिकेत, कॅन्सास सिटीत, हॉल बंधूंच्या दुकानात वेष्टनाचा साधा पातळ कागद संपला. त्यांनी पाकिटांच्या आतून लावायचे फ्रान्सहून आलेले नक्षीदार कागद काउंटरवर ठेवले, दहा सेंटला एक. ते हातोहात गेले. पुढे हीच मंडळी हॉलमार्क म्हणून जगभर झाली. म्हणजे माल संपला म्हणून केलेली तडजोड, आणि त्यातून निघालेला एवढा मोठा धंदा. त्याच्या आधी लोक भेटी बांधत नव्हते असं नाही. आपलंच बघा. फुलवालीकडचा गजरा पानात बांधून, वरून दोऱ्याचे दोन वेढे. वाण्याची पुडी. पेशवे दफ्तराचे कागद अजून रुमालात बांधलेले असतात, आणि ‘रुमाल’ हाच तिथं मोजायचा शब्द आहे. दरबारी पत्रं किनखापाच्या थैलीत जात.

आणि वसईची सुकेळी! राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखी गडद झाली की केळीच्याच सुक्या पानात लपेटायची आणि सोपाच्या दोरीने करकचून बांधायची. मी तर म्हणेन वसई तालुक्यातलं सर्वांत देखणं वेष्टन ते आहे. आत केळ, बाहेर केळ, बांधायला केळ. त्या पुडक्याला चिकटपट्टी लागत नाही. उघडताना जो कोरडा आवाज येतो आणि मागोमाग वास येतो, तो वेष्टनाचा भाग आहे. आतल्या वस्तूशी इतकं नातं असलेलं बाहेरचं आवरण मला या अकरा खोक्यांत एकच दिसलं, शेवटचं, कोपऱ्यातलं. सुक्या मासळीची भेट आहे ती, परगावी राहणाऱ्या बहिणीसाठी. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधली आहे, वर गाठ, गाठीत झेंडूचं फूल. फूल उद्या सुकेल, लुगडं बहीण ठेवून घेईल. कदाचित तिला ओळखू येईल ते कुणाचं लुगडं. वास येतो म्हणून दोन जणांनी हा खोका टेबलावरून खाली ठेवायला सांगितला, हे मी पाहिलं. (हशा) सोड्याचा वास पाचूबंदरला नको झाला, म्हणजे काय म्हणायचं!

कापडात बांधायच्या या पद्धतीला जपानमध्ये फुरोशिकी म्हणतात. जपान म्हटलं की वसईकरांना गोन्सालो गार्सिया आठवतात, इथं जन्मलेले आणि 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले. त्यांनी ती गाठोडी पाहिली असतील का, हा माझा आपला रिकामा विचार. 2006 मध्ये जपानच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी टाकाऊ बाटल्यांच्या धाग्यापासून बनवलेलं असं एक कापड मुद्दाम लोकांपुढे आणलं, पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून. लगेच आपल्याकडे फुरोशिकीचे वर्ग निघाले, पाचशे रुपये फी. अहो, आपल्या आज्या बोचकं बांधत होत्या. त्याला फी नव्हती आणि त्याला आपण गावंढळ म्हणत होतो.

आता वादाचं. राज्यात 23 मार्च 2018 ला प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली. पिशव्यांवर, ताटवाट्यांवर बोट ठेवलं गेलं, भेटीच्या चकचकीत वेष्टनाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, कारण ते आनंदाच्या दिवशी येतं. आनंदाच्या दिवशी कोण हटकणार? पण 25 तारखेच्या रात्री ते घराबाहेर पडतं, पावसाळ्यात नाल्यातून खाडीत जातं. डोलीच्या जाळ्याची शेवटची पिशवी उघडताना त्यात काय काय निघतं ते इथल्या बायका मला सांगायच्या नाहीत, मी त्यांना सांगायचं नाही. तासन् तास निवडत बसावं लागतं.

मला यात एक गोष्ट फार टोचते. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत समुद्राला सोन्याचा नारळ देतात. सोनेरी कागदात मढवलेला. भेटवस्तूच्या वेष्टनाचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. ज्याच्यावर पोट आहे त्याला, मान देऊन, सजवून भेट द्यायची. आणि हल्ली मी पाहिले त्यातल्या कितीतरी नारळांवर हेच उलगडणारं वेष्टन होतं. जो घेणार आहे त्याला हे पचत नाही, हे देणाऱ्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. घेणाऱ्याचा विचार न केलेली भेट म्हणते ती हीच. गुलाबाच्या कार्डात तो दोष सौम्य आहे, इथं तो जाळ्यात परत येतो. हळदीत बुडवलेलं सुती कापड नारळाला बांधलं तर उन्हात ते सोन्यासारखंच दिसतं, मी घरी करून पाहिलंय.

वेळ होत आला. पाकीट उघडते. तक्त्याप्रमाणे पहिला नंबर क्विलिंगच्या गुलाबांना. ते मी बदललेलं नाही, कारण स्पर्धेच्या अटी आधी जाहीर झाल्या होत्या आणि त्या मुलीने त्या पाळल्या आहेत. तिची फसवणूक होऊ नये. पण संयोजकांना मी लिहून दिलं आहे की पुढच्या वर्षी तक्त्यात पाचवा रकाना हवा, ‘कुणासाठी’, आणि त्याला वीस गुण. होडीचं कार्ड मी कोणत्याही नंबरात बसवलेलं नाही. ते स्पर्धेत राहू नये, आज रात्रीच घरी जावं. पौर्णिमा जवळ आलीय.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातले दोन.)

प्रश्न: बाई, आम्ही चार-पाच जणी नाताळात कार्डांच्या ऑर्डरी घेतो. एकाच नमुन्याची पन्नास, साठ कार्डं. त्यावर घरात चार पैसे येतात. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ही सगळी बिनपत्त्याची. मग घ्यायच्या नाहीत का ऑर्डरी?

घ्या. हे बोलणं तुमच्या पोटावर येत असेल तर ते बोलणं चुकलं. तुम्ही करता ती कारागिरी आहे, तिला तिची किंमत मिळालीच पाहिजे, आणि खरं सांगते, तुम्ही ती फार कमी लावता. मी पाहिलं, तीन तासांच्या कामाला साठ रुपये. पण मघाशी कोलच्या कार्डाचं सांगितलं, त्यात वर-खाली बोटभर कोरी जागा होती. तुमच्या कार्डांत तीही नाही. आतली बाजू पूर्ण छापील संदेशाने, ठशांनी, चमकीने भरलेली असते. गिऱ्हाइकाला लिहायला जागाच उरत नाही. अर्धं पान कोरं सोडा. मध्ये छापील वाक्य नको. आणि कार्ड देताना त्याच्या हातात पेन द्या, तिथंच, काउंटरवर. पहिल्यांदा लाजतील, म्हणतील काय लिहू. तुम्ही विचारा, कुणाला देताय? त्यांना काय आवडतं? दोन-चार जण तरी लिहितील. पन्नास कार्डांपैकी दहा तशी गेली तरी पुढच्या वर्षी ती दहा माणसं तुमच्याकडेच परत येतील, असा माझा अंदाज.

प्रश्न: चिकटपट्टीशिवाय चौकोनी खोका कापडात बांधता येतो का? आमच्याकडे सुटतो सारखा.

येतो. कापड खोक्याच्या कोनाला तिरकं ठेवायचं, सरळ नाही. बहुतेक जण सरळ ठेवतात आणि मग गाठीला टोकं पुरत नाहीत. आणि गाठ दुसऱ्यांदा मारताना दिशा बदलायची, तुमच्या घरची पुरुषमंडळी दोरीला मारतात तशी, नाहीतर ती सरकते. असं तोंडाने नाही कळायचं. या इकडे, ते लुगडं उघडू नका, माझी ओढणी घ्या. आणि तो रिकामा खोका आणा.